कित्तूरचा थॅकरे, पनवेलचे ठाकरे

बेळगाव जिल्ह्याच्या इतिहासात इंग्रज अधिकाऱ्यांची नावे पुष्कळ येतात, परंतु लोकांच्या तोंडी राहिलेले इंग्रजी आडनाव एकच आहे आणि ते थॅकरे हे होय. धारवाडचा प्रमुख कलेक्टर सेंट जॉन थॅकरे २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यासमोर मारला गेला, राणी चन्नम्माच्या विजयाची ती तारीख ठरली, आणि आजही ऑक्टोबरच्या त्याच दिवसांत कित्तूरला उत्सव भरतो. हेच आडनाव पुढे पनवेलच्या एका मराठी घराण्याने इंग्रजीत लिहिताना जसेच्या तसे उचलले, आणि त्या घराण्यातील बाळ ठाकरे यांच्या शिवसेनेने १९६९ साली बेळगावच्या प्रश्नावर मुंबईत मोठे आंदोलन केले. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हे आडनाव दोन अगदी वेगळ्या प्रसंगांनी परिचयाचे झाले असून, इंग्रजी कागदावर दोन्हींची अक्षरे एकच दिसत असल्याने त्यांचा परस्परांशी काय संबंध, हा प्रश्न सहज उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना यॉर्कशायरमधील एका लव्हाळ्याच्या बेचकीपासून निपाणीच्या देसायांपर्यंत बरीच वाट चालावी लागते.

इंग्रजी आडनावांचे अभ्यासक साधारणपणे चार वर्ग मानतात: गावावरून पडलेली, बापाच्या नावावरून पडलेली, धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली, आणि अंगावरच्या एखाद्या लक्षणावरून पडलेली. या चारही वर्गांची उदाहरणे मुद्दाम शोधत इंग्लंडात जाण्याची गरज नाही, कारण कित्तूरच्या लढाईशी संबंध आलेल्या अधिकाऱ्यांच्या यादीतच ती सापडतात. थॅकरे हे गावाचे नाव आहे. त्याच्याबरोबर पडलेल्या कॅप्टन ब्लॅकचे आडनाव पूर्वजाच्या काळ्या केसांवरून किंवा सावळ्या वर्णावरून आलेले असावे, असा या नावाचा सर्वसाधारण अर्थ सांगतात. कित्तूरकरांनी ज्याला कैद केले त्या स्टीव्हन्सनच्या आडनावाचा अर्थ ‘स्टीव्हनचा मुलगा’ असा आहे. या प्रकरणाची सूत्रे नंतर ज्याच्या हाती आली, तो दख्खनचा कमिशनर चॅप्लिन आणि डिसेंबरात किल्ला घेणाऱ्या फौजेचा सेनापती डीकन या दोघांचीही आडनावे चर्चमधील पदांची आहेत. चॅप्लिन म्हणजे एखाद्या खासगी प्रार्थनामंदिराचा पुरोहित आणि डीकन म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पायरीवरचा धर्माधिकारी. धंद्यावरून पडलेल्या नावांसाठी बेळगाव शहरात यावे लागते. १८२० मध्ये येथे लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू करणारा जोसेफ टेलर हा नावाने शिंपी होता, आणि बेननस्मिथ हायस्कूलच्या पाटीवर वेल्स प्रांतातले ‘एनियनचा मुलगा’ या अर्थाचे बेनन आणि लोहार या अर्थाचे स्मिथ अशी दोन आडनावे शेजारी शेजारी बसली आहेत.

हे वर्ग मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. लिंगायत आणि जैन घराण्यांतील बाबण्णवर, यल्लण्णवर यांसारखी ‘अमक्या अण्णांच्या घरचे’ या अर्थाची कन्नड आडनावे स्टीव्हन्सनच्याच जातीची आहेत. कम्मार म्हणजे लोहार, बडिगेर म्हणजे सुतार, गाणिगेर म्हणजे घाण्यावर तेल काढणारा आणि अंगडी म्हणजे दुकान, ही स्मिथ-टेलरची भावंडे होत. चिकोडी तालुक्यातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेले प्राकृत भाषेचे थोर संशोधक आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे आडनाव धर्मकार्य करणाऱ्या उपाध्यायाचे, म्हणजे चॅप्लिन आणि डीकन यांच्या जवळचे आहे. पाटील, कुलकर्णी, चौगुले, देसाई, नाडगौडा ही सगळी वतनी हुद्द्यांची नावे. त्यातही गंमत अशी, की या भागात बसनगौडा, शंकरगौडा अशा नावांपुढे पाटील हे आडनाव लागते तेव्हा गावच्या मुखत्यारीचा एकच हुद्दा एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत असा दोनदा उच्चारला जातो, आणि ते कोणालाच खटकत नाही.

थॅकरे या आडनावाचे मूळ गाव इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्याच्या पश्चिम भागात, फ्यूस्टनच्या परिसरातील ग्रेट टिंबल या वस्तीच्या हद्दीत होते. त्याचे नाव थॅक्रे. हे नाव इंग्रजी दिसत असले तरी त्याची घडण प्राचीन नॉर्स भाषेतील, म्हणजे नवव्या शतकात समुद्रमार्गे येऊन यॉर्क जिंकणाऱ्या आणि पुढे तेथेच जमिनी वाटून घेऊन स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतील आहे. ‘थाक’ म्हणजे छप्पर शाकारण्याचे साहित्य, गवत किंवा लव्हाळे. आणि ‘व्रा’ किंवा ‘रा’ म्हणजे आडोशाचा कोपरा, बेचकी. म्हणून थॅकरे म्हणजे ‘जेथे शाकारणीचे लव्हाळे वाढते ती बेचकी’. घरे गवताने शाकारण्याच्या काळात असा कोपरा गावाला मोलाचा वाटला तर नवल नाही. दक्षिण इंग्लंडातल्या बोलीत याच शब्दाचे रूप ‘थॅच’ असे झाले आणि प्रमाण इंग्रजीने ते उचलले. उत्तरेकडे मात्र नॉर्स वळणाचा ‘क’ टिकून राहिला. म्हणजे या आडनावातले एक व्यंजनच त्याचा मुलूख सांगते. या ‘थाक’चे मूळ भाषाशास्त्रज्ञ ‘झाकणे’ या अर्थाच्या ज्या इंडो-युरोपीय धातूशी जोडतात, त्याच धातूशी संस्कृतातील ‘स्थग्’ हा धातूही जोडला जातो, आणि मराठीतील ‘स्थगित’ हा कचेरीतला शब्द त्यातूनच निघाला आहे; हा शब्दबंध अर्थात फार लांबचा असून त्यावर काही उभारण्यासारखे नाही.

वनस्पतीवरून गावाला नाव पडण्याची रीत बेळगावकरांना सांगावयास नको, कारण रट्ट राजांच्या शिलालेखांत या नगराचे नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचे गाव असे येते. परंतु वेणुग्राम वाढून शहर झाले, आणि थॅक्रे मात्र नाहीसे झाले. लीड्स या वाढत्या औद्योगिक शहराला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात तलाव बांधण्यात आले, त्यांतील फ्यूस्टनच्या तलावाच्या पाण्याखाली ही जागा गेली. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर हिडकलचे धरण झाल्यावर जी गावे बुडाली, त्यांच्या बाबतीत निदान हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी ओसरले की वर दिसते. थॅक्रेचे केवळ आडनाव वर राहिले.

गावाचे नाव आडनाव होते ते माणूस गाव सोडतो तेव्हा, कारण गावातच राहणाऱ्या सर्वांना गावाचे नाव लावून कोणाचीच ओळख पटत नाही. इंग्लंडात तेराव्या आणि चौदाव्या शतकांत जमीनदारांच्या न्यायसभांचे दप्तर, जमिनीचे दस्तऐवज आणि करवसुलीच्या याद्या यांत एकाच नावाची अनेक माणसे येऊ लागली, तेव्हा ‘अमक्या गावचा जॉन’ असे लिहिण्याची पद्धत रूढ झाली. यॉर्कशायरच्या पश्चिम भागातील १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. डोईपट्टी म्हणजे माणशी बसवलेला कर. तो कोणी चुकवू नये म्हणून प्रत्येकाची नीट ओळख लिहिणे सरकारला भाग होते. पुढे ‘चा’ या अर्थाचा जोडशब्द गळून गेला आणि नुसते गावाचे नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. मात्र लेखनाचा काही नियम ठरलेला नसल्याने लेखनिक कानाला पडेल तसे लिहीत गेला, आणि थॅक्रे, थॅकरे, थॅक्रा, थॅकवरे अशी अनेक रूपे जन्मली. लीड्समध्ये कारागिरांच्या धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर १८३१ साली मूलगामी पुस्तक लिहिणारा वैद्य चार्ल्स टर्नर थॅक्रा एका लेखनपद्धतीचा, त्याच शहरातील वैद्यकीय संग्रहालयाला ज्याचे नाव आहे तो थॅक्रे दुसऱ्या लेखनपद्धतीचा, आणि कलेक्टर थॅकरे तिसऱ्या. अक्षरे वेगळी असूनही मूळ एक, ही या आडनावाच्या इंग्रजी इतिहासातील ठळक गोष्ट आहे. पुढे भारतात नेमके याच्या उलटे घडले.

कलेक्टरचे घराणे फ्यूस्टनपासून थोड्याच मैलांवर असलेल्या हॅम्प्स्थ्वेट या गावातले. त्यातील टॉमस थॅकरे हॅरोच्या प्रसिद्ध शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि त्याच्या सोळा अपत्यांपैकी सर्वांत धाकटा विल्यम मेकपीस थॅकरे १७६६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला. मेकपीस हेही मुळात एक आडनावच असून भांडण मिटवणारा, तंटा तोडणारा असा त्याचा अर्थ आहे. सिल्हेटच्या जंगलात हत्ती पकडून विकण्याच्या व्यापारात या गृहस्थाने चांगला पैसा केला आणि दहा वर्षांत तो मायदेशी परतला, पण त्याचे अनेक मुलगे पुन्हा हिंदुस्थानच्या वाटेला लागले. त्यांपैकी विल्यम मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोच्या हाताखाली तयार झाला, रिचमंड बंगालमध्ये कलेक्टर झाला, आणि सेंट जॉन धारवाडला आला.

त्या काळी बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. पेशवाई बुडाली त्या वर्षी, १८१८ च्या एप्रिलमध्ये, मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. हा सारा मुलूख धारवाडच्या कलेक्टरीत मोडू लागला आणि १८३६ साली त्यातून बेळगाव वेगळे काढण्यात आले. कित्तूर हे या कलेक्टरीतील देसगतीचे संस्थान होते. देसाई म्हणजे परगण्याच्या वसुलीचा वंशपरंपरागत प्रमुख. घाटावर ज्याला देशमुख म्हणत, त्यालाच दक्षिण महाराष्ट्रात, कर्नाटकात, कोकणात आणि गोव्यात देसाई म्हणत. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचा तरुण देसाई शिवलिंगरुद्रसर्जा निपुत्रिक वारला आणि त्याच्या नावे मस्तमर्डीच्या पाटलाचा मुलगा दत्तक घेतल्याचे कलेक्टरला कळवण्यात आले. थॅकरेला हे दत्तविधान मृत्यूनंतर जुळवलेले वाटले, त्याने ते मानण्याचे नाकारले, आणि वरिष्ठांचा हुकूम हाती येण्यापूर्वीच तो कित्तूरला जाऊन खजिन्याला मोहरा लावून पहारे बसवून बसला. मृत देसायाची सावत्र आई चन्नम्मा ही बेळगावजवळच्या काकतीची लेक. कारभाराची सूत्रे तिच्या हाती होती. खजिना जसाच्या तसा राहील याची हमी कित्तूरच्या कारभाऱ्यांनी लिहून द्यावी अशी थॅकरेची मागणी होती, ती त्यांनी फेटाळली. २३ ऑक्टोबरच्या सकाळी किल्ल्याचे दरवाजे आतून बंद झालेले दिसताच त्याने तोफा पुढे आणवल्या. पण तोफा डागल्या जाण्याआधीच दरवाजे उघडले आणि आतली फौज बाहेर कोसळली. त्या चकमकीत थॅकरे पडला. त्याला अमटूर बाळप्पाने गोळी घातली, असे कन्नड परंपरा सांगते. कंपनीच्या तोफखान्याचे अधिकारीही मारले गेले, आणि थॅकरेचे दोन मदतनीस, स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट, कित्तूरकरांच्या हाती सापडले.

त्या एलियटविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा तरुण मदतनीस कैदेतून जिवंत सुटला, पुढे सर वॉल्टर एलियट म्हणून नावाजला, आणि कर्नाटकातील शेकडो शिलालेखांच्या नकला त्याने जमवल्या. चालुक्य आणि त्यांच्या मांडलिकांचा इतिहास लिहिणाऱ्या पुढच्या पिढीला या नकलांचा मोठा आधार मिळाला. तो सुटला नसता, तर इतिहासाला कित्तूरची कैद या दृष्टीने फार महाग पडली असती.

डिसेंबरच्या आरंभी कर्नल डीकनच्या फौजेने कित्तूर घेतले आणि चन्नम्माला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच १८२९ मध्ये तिचा अंत झाला. तिचा निष्ठावंत शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला जानेवारी १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी देण्यात आली. तंटा तोडणाऱ्याचे नाव मिरवणाऱ्या बापाच्या मुलाने घाईने उभा केलेला तंटा असा सहा वर्षांहून अधिक काळ धुमसला. कलेक्टरने थोडा धीर धरला असता तर काय झाले असते, हा तर्काचा भाग. परंतु वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता त्याने पुढे पाऊल टाकले, ही चूक त्याच्या पदरी घालावीच लागते.

कित्तूरला सेंट जॉन मारला गेला तेव्हा त्याच्या भावाचा, रिचमंडचा, मुलगा इंग्लंडात शाळेत शिकत होता. आजोबांचेच विल्यम मेकपीस थॅकरे हे नाव मिळालेला हा मुलगा १८ जुलै १८११ रोजी कलकत्त्यात जन्मला, चौथ्या वर्षी वडिलांना मुकला आणि त्यानंतर लवकरच बोटीने विलायतेला रवाना झाला. पुढे ‘व्हॅनिटी फेअर’ ही त्याची कादंबरी १८४७-४८ मध्ये मासिक भागांतून प्रसिद्ध होऊन तो डिकन्सच्या तोडीचा लेखक मानला जाऊ लागला. या कादंबरीतील जोस सेडली हे पात्र बंगालमधील एका काल्पनिक जिल्ह्याचा कलेक्टर आहे: लठ्ठ, डामडौली, भित्रा आणि स्वतःच्या शौर्याच्या गप्पा मारणारा. कलेक्टरांच्या घराण्यात जन्मलेल्या लेखकाने कलेक्टरांची उडवलेली ही टर घरातल्या माहितीवर पोसलेली आहे, असे मानायला हरकत नाही. भारतात इंग्रजी शिक्षण पसरले तेव्हा थॅकरे हे नाव सुशिक्षितांपर्यंत पोहोचले ते या कादंबरीकारामुळे, त्याच्या कित्तूरच्या काकामुळे नव्हे.

आता मराठी बाजूकडे वळले पाहिजे, आणि त्यासाठी निपाणीचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आप्पा देसाई निपाणकर या नावाने गाजलेल्या सरदाराचे पूर्ण नाव सिधोजीराव नाईक निंबाळकर असे असून ‘सरलष्कर’ हा त्याचा किताब होता. फलटणजवळच्या निंबळक गावावरून पडलेले निंबाळकर हे आडनाव, आणि त्याही मागे पवार हे कूळ. देसाई हा हुद्दा. आणि निपाणी ही नवी राजधानी. कूळ, गाव, हुद्दा, किताब आणि पुन्हा गाव असे पाच थर एका माणसाच्या नावात चढले, आणि यातले कोणते नाव केव्हा लावायचे हे प्रसंगावर ठरे. ‘कर’ हा प्रत्यय लावून होणारे मराठी आडनाव असे वाहते होते. माणसाने बिऱ्हाड हलवले की ते बदलू शके, आणि बदलण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. शेजारची कन्नड पद्धत या बाबतीत इंग्रजीच्या अधिक जवळ आहे, कारण तेथे प्रत्यय न लावता नुसते गावाचे नावच आडनाव म्हणून चालते: सावनूरला जन्मलेले ज्ञानपीठ विजेते कन्नड साहित्यिक विनायक कृष्ण गोकाक यांचे आडनाव घटप्रभेकाठचे गोकाक हे गाव जसेच्या तसे आहे, मराठी वळणाने ते गोकाककर झाले असते. ‘थॅक्रेचा जॉन’ यातला ‘चा’ गळून थॅकरे उरावा, तसाच हा प्रकार.

पनवेलच्या घराण्याचा इतिहास या वाहत्या पद्धतीचा चांगला नमुना आहे. पूर्वज नाशिककडील धोडप किल्ल्याशी संबंधित म्हणून हे घराणे धोडपकर म्हणवी. पनवेलला वस्ती झाल्यावर या घराण्यातले सीताराम हे पनवेलकर झाले. आणि मुलाला शाळेत घालताना त्यांनी ठाकरे हे घराण्याचे जुने आडनाव नोंदवले. तो मुलगा म्हणजे १७ सप्टेंबर १८८५ रोजी जन्मलेले केशव सीताराम ठाकरे, १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ हे नियतकालिक काढल्यामुळे प्रबोधनकार या नावाने ओळखले गेलेले समाजसुधारक आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील एक प्रमुख नेते. शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले नाव पुढे नोकरीत, कचेरीत, कोर्टात तसेच चालवावे लागते, आणि म्हणून पिढीगणिक बदलत आलेले हे आडनाव येथे येऊन थांबले. इंग्लंडात जे काम चौदाव्या शतकाच्या करवसुलीच्या याद्यांनी केले, ते महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या शाळेच्या रजिस्टरने आणि सरकारी दप्तराने केले. मराठी आडनावे कायम होण्यामागचे हे एक मोठे कारण असून त्याचा विचार जितका व्हायला हवा तितका झालेला नाही.

प्रबोधनकार हे कादंबरीकार थॅकरेचे चाहते होते, आणि त्याच्याविषयीच्या आदरापोटी त्यांनी आपले आडनाव इंग्रजीत लिहिताना त्याचीच अक्षरे स्वीकारली. सरळ लिप्यंतराने ‘ठाकरे’ लिहिण्यास जी अक्षरे पुरली असती, त्यांत एक ‘सी’ आणि शेवटचे ‘एवाय’ असे बदल होऊन यॉर्कशायरचे आडनाव मुंबईत तयार झाले. हे साधले ते इंग्रजी लिपीच्या एका उणिवेमुळे: ‘टी’ आणि ‘एच’ ही अक्षरजोडी इंग्रजीत जिभेचे टोक दातांशी लावून काढलेल्या घर्षणयुक्त थकाराची आहे, पण भारतीय नावे लिहिताना थ आणि ठ या दोन्हींसाठी तीच वापरावी लागते. उच्चार मात्र वेगळेच राहिले. इंग्रज आपले आडनाव ‘थॅकरी’च्या जवळपास उच्चारतो, त्यात ठकार नाही आणि पहिला आकारही नाही.

‘ठाकरे’ या मराठी आडनावाचा संबंध सामान्यतः ठाकूर या शब्दाशी, आणि त्यामागे मध्ययुगीन लेखांत सरदार, अधिपती, मानकरी या अर्थाने येणाऱ्या ‘ठक्कुर’ या पदवीशी जोडला जातो. हे आडनाव प्रबोधनकार ज्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले, त्याच्यापुरते मर्यादित नाही. विदर्भातील कुणबी घराण्यांतही ते मोठ्या प्रमाणावर आढळते, आणि तेथे ते इंग्रजीत साध्या लिप्यंतराने लिहिले जाते. तेव्हा एकीकडे शाकारणीच्या लव्हाळ्याचा कोपरा आणि दुसरीकडे मानाची पदवी, अशी ही दोन नावे अर्थाने, कुळाने आणि भाषेने संपूर्ण निराळी आहेत. एका मराठी वाचकाचे एका इंग्रजी लेखकावरचे प्रेम एवढाच त्यांना जोडणारा धागा आहे.

देसाई आणि कुलकर्णी यांसारख्या आडनावांचे हुद्दे तर १९५० च्या मुंबई राज्याच्या परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याच्या कायद्याने संपले. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला. हुद्दे गेले, राज्य बदलले, आडनावे राहिली. सीमाभागातल्या माणसाची भाषा त्याच्या आडनावावरून ओळखू पाहणारा नेहमी फसतो तो याच कारणाने: पाटील, देसाई, कुलकर्णी घरी कोणती भाषा बोलतात हे त्यांच्या वतनाच्या नावात लिहिलेले नसते, आणि धारवाडच्या मराठी घरातून आलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे तर कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले.

कित्तूरच्या प्रकरणावर कन्नडमध्ये विपुल लेखन झाले आहे, १९६१ साली बी. आर. पंतुलू यांनी त्यावर चित्रपटही काढला. मराठीतही बेळगाव-खानापूरकडील स्थानिक इतिहास लिहिताना हा प्रसंग वारंवार येतो. अशा लेखनात कलेक्टरचे नाव कधी थॅकरे, कधी ठॅकरे, तर कधी सरळ ठाकरे असे छापले की वाचकाचा गोंधळ होतो, आणि इंग्रजीतली अक्षरे पाहून नाते जोडण्याचा मोह आणखी वाढतो. इंग्रजी लिपीला जो फरक दाखवता येत नाही, तो देवनागरीला एका अक्षरात दाखवता येतो. म्हणून कित्तूरच्या कलेक्टरचे आणि त्याच्या कादंबरीकार पुतण्याचे आडनाव ‘थ’ने, आणि प्रबोधनकारांच्या घराण्याचे ‘ठ’ने लिहिण्याचा शिरस्ता क्रमिक पुस्तकांनी, वर्तमानपत्रांनी आणि स्थानिक इतिहासलेखकांनी कटाक्षाने पाळावा.